आजोबांची तिवरं

प्रिय नील आणि तन्वी,

गेल्या उन्हाळ्यात शाळेसाठी आजोबांबद्दल काही लिहायचं म्हणून तुम्ही फोन केला होता. मी कोकणातल्या त्या गावाचं नाव सांगितलं आणि नीलनं तिथल्या तिथं कॉम्प्युटरवर ती खाडी शोधून काढली. आकाशातून काढलेला फोटो होता. देवळाची कौलं दिसली, खाडीचं वळण दिसलं. मग नील, तू म्हणालास, "आजी, आजोबांनी लावलेलं जंगल कुठं आहे? इथं नुसता चिखल दिसतोय."

मी म्हणाले, तुझं नेट बरोबर नसेल. हे खोटं होतं. तुमच्याकडचं नेट कधी बिघडत नाही. मला उत्तर ठाऊक नव्हतं आणि तीस वर्षांत मी ते कुणाला, आजोबा होते तोवर त्यांनाही, विचारलं नव्हतं. म्हणून थंडीत मी स्वतः जाऊन आले. तुमच्या दिवाणखान्यात आजोबांचा जो फोटो आहे, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, मागं पाण्यात रोपांच्या रांगा, त्या रांगांचं पुढं काय झालं ते या पत्रात आहे. मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, पण हे मराठीत लिहिते आहे. यातली माणसं जशी बोलली तशीच तुमच्या कानावर जावीत. अडलं तर बाबांना मोठ्यानं वाचायला सांगा.

कळंबहून निघताना

सुजाता माझी जुनी विद्यार्थिनी. मूळची जळकोटची, शिकायला कळंबला मामाकडे राहायची. आता ती एका संस्थेसाठी खाडीकाठच्या झाडांचे नकाशे करते. भरतीचं खारं पाणी ज्यांच्या अंगावर येतं आणि जातं अशा या झाडांना पुस्तकात कांदळवन म्हणतात. त्यांतल्या सर्वांत चिवट झाडाला कोकणात तिवर म्हणतात. झाडं कुठं आहेत, कुठं लावली होती, त्यांतली किती मेली आणि का मेली, हे ती गावोगाव फिरून नकाशावर मांडते. आजोबांची खाडी तिच्या यादीत होती.

"बाई, या की," ती फोनवर म्हणाली. "पण गुडघ्याचं कसं?"

"गुडघे माझे आहेत, माझं मी बघते."

"चिखल लई हाय बाई तिथं."

"माकणीच्या धरणाचा चिखल मी तुझ्या जन्माआधीपासून बघते आहे."

"तो चिखल न्हाय हो हा. ह्यो निराळा हाय."

सामान मी नेहमीप्रमाणे यादी करून भरलं. कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कुंथलगिरीचे पेढे, काठी, आजोबांची वही. वहीच्या शेवटच्या पानावर त्यांनी लागवडीच्या जागेचा नकाशा काढलेला आहे. एका अंगाला देऊळ, दुसऱ्या अंगाला खाडी, आणि मध्ये बांधाचा चौकोन. चौकोनाची खाडीकडची रेघ एका जागी बोटभर तुटलेली आहे. तिथं शाई संपली असेल असं मी समजत आले. आजोबांची पेनं नेहमी अशीच असायची.

एक गोष्ट आधी सांगून ठेवते. तो फोटो मी मोठा करून घेतला होता. घरी कुणी आलं की मी तो दाखवायची आणि "यांनी समुद्रात जंगल उभं केलं" असं सांगायची. आजोबा त्या वेळी उठून अंगणातल्या झाडांना पाणी घालायला जायचे. मला तो त्यांचा संकोच वाटायचा.

खाडीवर, पहिला दिवस

प्रवासाचं काही सांगत नाही. तीन गाड्या बदलल्या आणि घाट उतरल्यावर दमट हवेतही माझी कडक भाकरी मऊ पडली नाही, एवढंच.

आपल्याकडे दोन माणसं भेटली की पाणी किती उरलंय याचं बोलणं निघतं. इथं पाणी किती वाजता आहे ते बोलतात. सुजाताची वहीही भरती-ओहोटीच्या वेळांनी भरलेली. रोजची वेळ जवळजवळ पाऊण तास पुढं सरकते आणि तिचं जेवण, झोप, काम सगळं तिच्या मागं सरकतं. शाळेत ही मुलगी दुसऱ्या तासाला उगवायची.

ओहोटी लागल्यावर तिनं मला एक ताजी लागवड दाखवली. खाडीच्या मोकळ्या चिखलात बांबूच्या काठ्यांच्या सरळ रांगा होत्या. प्रत्येक काठीला एक काळी, कुजलेली शेंग बांधलेली. कांदळ नावाच्या झाडाला शेवग्यासारख्या लांब शेंगा येतात. खरं तर ती शेंग नसते. बी झाडावर असतानाच रुजतं, रोप होतं, आणि मग गळून पाण्याबरोबर जातं.

"हे सगळं मेलंय?" मी विचारलं.

"सगळं. दोन पावसाळ्यांत."

"का गं?"

"शेंग हातात धरायला सोपी, बाई. चिखलात खुपसली की झालं. एका सकाळी शंभर माणसं हजार शेंगा खुपसतात, फोटो लई झकास येतो." तिनं काठीवर चिकटलेले पांढरे शिंपले नखानं खरवडले. "पण हितं पाणी दिवसातनं इतका वेळ उभं असतं की झाडाला श्वास घ्यायला सवडच न्हाय. हितं कधी झाड नव्हतंच. रिकामी जागा दिसली, लावून टाकलं."

जागा रिकामी नव्हतीच. थोड्या अंतरावर चार-पाच बायका वाकून चिखलातून तिसऱ्या काढत होत्या. तिसऱ्या म्हणजे बोटाच्या पेराएवढे शिंपले, आतलं मांस खातात. त्यांतली सर्वांत म्हातारी बाई कमरेवर हात ठेवून आमच्याकडे बघत राहिली. सुजातानं ओळख करून दिली, "या चंद्राकाकी. हितली सगळी खाडी यांना पाठ हाय." मग माझ्याकडे बोट करून आजोबांचं आडनाव सांगितलं. चंद्राकाकीला ते आठवेना. मी वहीत ठेवलेला फोटो काढून दाखवला.

तिनं हात पदराला पुसले, फोटो डोळ्यांजवळ नेला आणि खुदकन हसली.

"हे तर भाकरीवाले सायब. तुमी तेंची बायल मां?"

आजोबा नोकरीच्या बदलीवर इथं दोन वर्षं होते आणि भाताला कंटाळले की घरून आणलेली कडक भाकरी पाण्यात बुडवून खायचे, हे गाव विसरलं नव्हतं. त्यांचं नाव मात्र विसरलं होतं.

संध्याकाळी तिनं आम्हांला घरी जेवायला नेलं. उकड्या तांदळाचा भात, तिसऱ्यांचं सुकं, सोलकढी. मी घरी मटण खाते, पण शिंपल्यातलं कधी खाल्लं नव्हतं. पहिला घास डोळे मिटून घेतला. दुसऱ्याच्या वेळी उघडे ठेवले. मी दिलेली भाकरी तिनं पाण्यात बुडवली, चघळली आणि म्हणाली, "अजून तितकीच कडक असा."

मी झाडांबद्दल विचारलं नाही. सुजातानं माझ्याकडे दोनदा बघितलं, तरी विचारलं नाही. उद्या डोळ्यांनीच बघू, असं मी स्वतःला सांगत होते.

दुसरा दिवस, ओहोटीला

चंद्राकाकीला बरोबर घेऊन देवळापासून वहीत लिहिलेली पावलं मोजत गेलो. आजोबांची पावलं लांब होती, माझी आखूड, त्यामुळे सुजातानं मोजली. पाऊलवाट संपली तिथं माझा डावा पाय चिखलात गुडघ्यापर्यंत गेला. पाय निघाला, चप्पल राहिली. चंद्राकाकीनं चिखलात कोपरापर्यंत हात घालून तो बराच वेळ फिरवला आणि चपलेऐवजी एक खेकडा वर काढला. "ह्यो घाला पायात," ती म्हणाली. मी उरलेली चप्पल पिशवीत ठेवली आणि अनवाणी पुढं गेले. सुजाताचं म्हणणं बरोबर होतं. धरणाचा चिखल उन्हाळ्यात भेगाळतो आणि माणसाला वर उभं राहू देतो. हा आत घेतो.

बांध लगेच सापडला. जांभ्या दगडाचा, गुडघाभर उंच, अजून बऱ्यापैकी शाबूत. आपल्याकडचा बांध कुठंही ओळखता येतो. पायथ्याला रुंद, वर निमुळता, दगड आतल्या बाजूला किंचित झुकलेले. माकणीच्या शेतात तुमच्या पणजोबांनी घातलेला बांध अगदी तसाच आहे. खाडीच्या काठावर तो बघून मला कुणीतरी घरचं भेटल्यासारखं वाटलं.

मग मी बांधाच्या आत बघितलं. आत काहीही नव्हतं. करडा सपाट चिखल, त्यावर मिठाचा पांढरा पापुद्रा, एका कोपऱ्यात साठलेलं हिरवट पाणी. नील, तुझा फोटो खरा होता.

 सुजातानं रंगाच्या खुणा केलेली काठी चिखलात रोवली आणि उंची लिहून घेतली. मी बांधावर बसले. डोळ्यांत पाणी आलं ते वाऱ्यानं आलं असं दाखवण्याइतकी मी अजून शिक्षिका आहे.

"बाई," थोड्या वेळानं सुजातानं हाक मारली, "इकडं या. हळू या."

खाडीच्या बाजूला बांध एका जागी फुटलेला होता. बैलगाडी जाईल एवढी फट. आणि त्या फटीच्या दोन्ही अंगांना, थोडी आत, थोडी बाहेर, तिवरं उभी होती. माझ्या दुप्पट उंच, खालून काळपट, वर दाट हिरवी. प्रत्येकाच्या भोवती चिखलातून बोटाएवढ्या मुळ्या सरळ वर आलेल्या, शेकडो, एखाद्यानं पेन्सिली रोवून ठेवाव्यात तशा. झाड त्या मुळ्यांनी श्वास घेतं. ओहोटीला त्या उघड्या पडल्या की हवा आत जाते. मी झाडं मोजली. सत्तावीस. पुन्हा मोजली. आकाशातून एवढीशी झाडं काठच्या हिरव्या रेघेत मिसळून जात असतील.

"आहेत," मी म्हणाले. "सगळी गेली नाहीत. यांची सत्तावीस झाडं आहेत."

चंद्राकाकी हसली. मला दुखवायचं तिच्या मनात नव्हतं, तिला खरंच हसू आलं होतं. "ती? ती सायबांनी लावलेली न्हयत गो. सायबांची सगळी मेली. तीनदा लावली, तीनदा मेली. ही आपसूक आयली."

मी तिला बांधावर शेजारी बसवलं आणि पहिल्यापासून सांगायला लावलं. ती स्वतःचं आपल्या बोलीत सांगत होती आणि आजोबांचं त्यांच्या बोलीत, थोडी नक्कल करत.

"मी तेंका पयल्याच वर्सा सांगलंय, सायबानू, पाण्याक वाट ठेवा. ता येतला, बसतला आणि जातला. जावंक दिल्यात तर झाडां जगतली. तर म्हणतत कसे, 'काकी, आमच्याकडं पाणी अडवण्यात माणसं जन्म घालवत्यात, आन तुमी सोडा म्हणताय व्हय?'"

त्यांचा तीस वर्षांपूर्वीचा आवाज मला असा ऐकू आला, मालवणी बाईच्या तोंडून. मी तिला तेच वाक्य पुन्हा म्हणायला सांगितलं. तिनं पुन्हा म्हटलं.

त्यांची चूक मला तिथं बसल्या बसल्या कळली आणि ती आपल्या जिल्ह्यातलाच माणूस करील अशी होती. आपल्याकडे रोप लावलं की आधी आळं करायचं, बांध घालायचा, आलेला थेंब जाऊ द्यायचा नाही. आजोबांनी रोपांना जीव लावला आणि आपल्या माणसांना जसं येतं तसं त्यांचं पाणी राखलं. भरतीचं पाणी बांधावरून आत यायचं आणि बाहेर पडायला त्याला वाट नसायची. मुळ्या बुडून राहायच्या आणि झाडं गुदमरायची. उन्हाळ्यात तेच पाणी आटून आत मीठ उरायचं.

"मगे बदली झाली तेंची," चंद्राकाकी पुढं सांगू लागली; ओहोटीला ती सुकती म्हणते. "जायच्या आधी एक दिवस एकटेच आयले. हयच बसले, सकाळच्या सुकतीपासून सांजच्या सुकतीपर्यंत. जेवूक उठले न्हाय. मी तिसऱ्यो काढी होतंय. बाहेरचा पाणी गेला, आतला तसाच. ता बघत बसले. मगे माका म्हणतत, 'काकी, पहार हाय का?'"

"आणि?"

"मी घरची पहार हाडून दिलंय. 'लई चुकलं काकी,' म्हणाले, आणि फोडल्यानी बांध. एकट्यान. हात सोलपटले. माका हात लावूक दिल्यानी न्हाय." तिनं फटीकडे हनुवटी केली. "दुसऱ्या पावसात बियां आयली व्हावत. हय अडकली, रुजली. आतला पाणी अजून पुरा जाय न्हाय, थय कायच रुजाक न्हाय."

मी वही काढली आणि शेवटचं पान उघडलं. चौकोनाची खाडीकडची रेघ जिथं तुटली होती तिथंच फट होती. पेनातली शाई संपली नव्हती.

आजोबा कोकणातून परत आले तेव्हा त्यांच्या तळहातांना फोड होते. मी विचारलं होतं. सामान बांधताना झाले, म्हणाले. मी हळद लावली आणि त्यांना फोटोचं ते फ्रेम केलेलं मोठं चित्र दाखवलं. ते आणून मी भिंतीवर लावलंही होतं. आजोबा बराच वेळ त्याच्याकडे बघत होते. झाडं लागली का, एवढं तरी मी विचारायला हवं होतं. मी म्हणाले, किती छान दिसताय.

तिसरा दिवस

सकाळी सुजाता नकाशा रंगवत बसली. तिचे तीन रंग आहेत. लावलेली आणि जगलेली झाडं हिरवी, लावलेली आणि मेलेली तांबडी, आपोआप आलेली निळी. फटीजवळ येऊन तिचा हात थांबला.

"बाई, हिरवा करू का? लागवडीच्याच जागेत हायत की. कोण विचारतंय?"

 खोटं कशाला सांगू, मला तो हिरवा रंग हवा होता. नकाशावर हिरवा ठिपका पडला असता, तुम्हांला त्याचा फोटो पाठवला असता, आणि तुमच्या दिवाणखान्यातलं चित्र तसंच राहिलं असतं.

"हिरवा केलास तर पुढं काय होईल?" मी विचारलं.

तिनं नकाशा बाजूला सरकवला. मग म्हणाली, "खरं सांगू? बांध घालून लावलेली जगली, असं होईल. वरच्या गावाला औंदा लागवड हाय. तितं बांधाचंच चाललंय. हे बघून घालतील."

"मग विचारतेस कशाला?"

"तुमच्यासाठी, बाई."

"मी तुला सहामाहीत एका मार्कानं नापास केलं होतं ना?"

"केलं होतं. मामानं दोन दिवस जेवायला न्हाय दिलं."

"एक दिवस. मी येऊन सांगितल्यावर दिलं. निळा कर."

तिनं निळा रंग भरला. शेरा मात्र मी सांगितला आणि तिनं जसाच्या तसा लिहिला: बांध घातल्यामुळे लागवड मेली. बांध घालणाऱ्यानंच तो फोडला. फोडल्या जागी झाडं आपोआप आली.

निघताना चंद्राकाकीनं सुकवलेल्या तिसऱ्या बांधून दिल्या. मी पेढे दिले. ती म्हणाली, "पुढच्या वेळेक भाकरी जास्त हाडा." पुढची वेळ येणार नाही हे दोघींनाही माहीत होतं.

माकणी

परत आल्यावर दोन दिवसांनी मी माकणीला गेले. तिथं तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ आहेत, बाबा त्यांना काका म्हणतात. त्यांना हे समोर बसून सांगायचं होतं. ते शेतात बांधावरच बसले होते, पलीकडे धरणाचं पाणी मागं सरकलेलं. मी सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"न्हाय वहिनी. दुसरं काय बी सांगा. दादा बांध फोडील व्हय?"

"फोडला, भाऊजी. स्वतःच्या हातानं."

"आवो, ह्याच बांधाचे चार दगड पडलं म्हणून दादानं माझ्या मुस्काटात दिलती. मी म्हशी घातल्या हुत्या वरनं."

"तोच हात, भाऊजी. या वेळी त्यात पहार होती."

ते हसले नाहीत. हात बांधाच्या दगडावर ठेवून बसून राहिले. मग म्हणाले, "कुणाला बोलला न्हाय."

"नाही."

"तुमालाबी न्हाय?"

"मी विचारलं नाही," मी म्हणाले.

त्यांनी मला ज्वारीच्या ताटांतून वाट काढत रस्त्यापर्यंत सोडलं.  एसटी आल्यावर म्हणाले, "पोरांना कळवा, वहिनी. खरं तेच कळवा."

म्हणून कळवते आहे. फोटो भिंतीवरच राहू द्या. त्यात दिसणारं एकही रोप आता नाही. बांध बराचसा उभा आहे आणि खाडीकडच्या बाजूला फुटलेला आहे. त्या जागी सत्तावीस तिवरं आहेत. मी ती दोनदा मोजली आहेत.

तुमची,
आजी